राखण करा, मालकी नको: मंडळीतल्या माणसाच्या आत्म्याची काळजी घ्यायची ती कशी

मंडळीतर्फे, म्हणजे आमच्या चर्चतर्फे, पहिल्यांदा घरभेटीला गेलो तेव्हा आम्ही पाच जण होतो. पाळकसाहेब, मंडळीचा कारभार पाहणारे दोन 'वडील', सेक्रेटरी आणि मी. एक गृहस्थ चार महिने उपासनेला आले नव्हते, त्यांना 'परत आणायला' ही फौज निघाली होती. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे आम्हाला बसवायला शेजारून खुर्च्या आणाव्या लागल्या. चहा झाला. एका वडिलांनी बायबलमधल्या इब्रीकरांस पत्राच्या 10 व्या अध्यायातलं, एकत्र मिळणं सोडू नका हे वचन वाचलं. मग लांबलचक प्रार्थना झाली आणि आम्ही उठलो. ते पुढच्या रविवारी आले नाहीत, त्यानंतरही नाहीत. वर्षभराने कळलं, त्यांची नोकरी गेली होती. आमच्याकडे वर्गणी थकलेल्यांची नावं उपासनेनंतर मोठ्याने वाचली जायची, म्हणून त्यांनी पाऊल टाकायचं सोडलं होतं. आम्हा पाचांपैकी एकानेही 'कसं चाललंय?' याच्यापुढचा प्रश्न विचारला नव्हता.

पुढे मी घरभेटी करत राहिलो, चुकत राहिलो आणि थोडंफार शिकलो. ते इथे लिहितोय, आणि लिहितोय ते पाळकांसाठी नाही. त्यांना सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, शिकवलेलं असतं. बाकावर बसणाऱ्या साध्या सभासदाला वाटतं की आत्म्याची काळजी हे पगारी माणसाचं काम आहे. त्याच्यासाठी हे लिहिणं.

जबाबदारी नेमकी किती?

'मी आपल्या भावाचा राखणदार आहे काय?' हे भावाचा खून केलेल्या काइनाने देवाला दिलेलं उलट उत्तर. देवाने त्याला 'हो' किंवा 'नाही' म्हटलंच नाही. भावाचं रक्त जमिनीतून ओरडतंय एवढंच सांगितलं. पण राखणदार हा शब्द आपण गावाकडून आलेल्यांनी नीट ऐकावा. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून गोफण फिरवणारा माणूस पीक पेरत नाही, कापत नाही, त्याचा मालकही नसतो. तो जागा राहतो आणि पाखरं उतरली की आवाज करतो. यहेज्केल संदेष्ट्याच्या 33 व्या अध्यायातला पहारेकरीही असाच आहे. तलवार येताना दिसली आणि त्याने शिंग फुंकलं नाही, तर दोष त्याच्या माथी. फुंकलं आणि लोकांनी ऐकलं नाही, तर तो मोकळा. या अध्यायाने माझी झोप उडवली ती पहिल्या भागामुळे, आणि परत लागली ती दुसऱ्या भागामुळे.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातही हीच गंमत आहे. दुसऱ्या वचनात पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. पाचव्यात म्हणतो, प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहायचा आहे. मूळ ग्रीकमध्ये शब्द वेगळे आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे माणूस ज्याखाली वाकतो ते वजन. दुसरा 'फोर्टिओन', म्हणजे ज्याच्या त्याच्या पाठीवरचं गाठोडं. दवाखान्याचं बिल, मयत, पोराचं व्यसन ही ओझी. तिथे खांदा द्या. भावाला क्षमा करायची की नाही, बाप्तिस्मा घ्यायचा की नाही, चर्चमध्ये परतायचं की नाही, ही गाठोडी. त्यांना हात घालू नका. घरभेटी बिघडतात त्या बहुतेक या दोन्हींत गल्लत झाल्यामुळे.

आधी यादी, आणि ती लहान

मेथडिस्ट पंथाचा संस्थापक, इंग्लंडचा जॉन वेस्ली, याच्या मंडळींत घरोघरच्या विचारपुशीची ही व्यवस्था कशी सुरू झाली ते मला फार आवडतं. 1742 साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. एकाने सुचवलं, दर बारा जणांमागे एक पुढारी नेमू, तो आठवड्याला घरोघर जाऊन प्रत्येकी एक पेनी गोळा करेल. पेनी गोळा करता करता पुढाऱ्यांना दिसायला लागलं की या घरात नवराबायकोचं भांडण चाललंय, तो दुसरा प्यायलेला आहे. वेस्लीने ओळखलं की आपल्याला हवी होती ती गोष्ट हीच. वर्गणीच्या वहीतून आत्म्याची विचारपूस निघाली. आमच्याकडे उलटं झालं, हे वर सांगितलंच.

बारासुद्धा नोकरदार माणसाला जास्त होतात. चार नावं घ्या. ज्यांच्याशी तुमचं आधीपासून बोलणं आहे अशांचीच: शेजारची मावशी, शब्बाथ शाळेत तुमच्याकडे शिकलेला आणि आता हिंजवडीला नोकरी करणारा मुलगा, मंडळीत नवी सून म्हणून आलेली ताई, आणि अंथरुणाला खिळलेले एखादे काका. नावं छोट्या डायरीत लिहा, मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये नाही. सलग तीन रविवार माणूस दिसला नाही, गायनात उभा राहून ओठ हलवेनासा झाला, प्रभूभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी उठून बाहेर जायला लागला, तर डायरीत खूण करा.

इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरचे पाळक रिचर्ड बॅक्स्टर सतराव्या शतकात आठवड्याचे दोन दिवस काढून आठशेहून जास्त कुटुंबांना वर्षातून एकदा गाठायचे. त्यांनी नोंदवलंय, की दहा वर्षं प्रवचनं ऐकून जे काहींच्या डोक्यात शिरलं नाही, ते अर्ध्या तासाच्या खासगी बोलण्यात शिरलं. प्रवचन करणाऱ्याने हे कबूल केलंय, म्हणून मला ते जास्त पटतं.

दार वाजवण्यापूर्वी

मत्तयाच्या सातव्या अध्यायातली कुसळ आणि मुसळाची गोष्ट आपण दुसऱ्याला सुनावण्यासाठी वापरतो. निघण्यापूर्वी ती स्वतःला लावून पाहा. या माणसावर माझा जुना राग आहे का? याला सुधारलं तर मंडळीत माझं नाव होईल, असं कुठेतरी वाटतंय का? याच्याशी माझा पैशांचा किंवा जागेचा व्यवहार अडकलाय का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर तुम्ही जाऊ नका, दुसऱ्याला पाठवा.

मग फोन करा. 'मंडळीतर्फे येतोय' म्हणू नका. त्यात वॉरंटचा वास येतो. 'काका, बऱ्याच दिवसांत भेट नाही, गुरुवारी संध्याकाळी येऊ का?' एवढं पुरे. समोरून 'नको, सध्या गडबड आहे' आलं तर 'बरं, पुढच्या महिन्यात विचारतो' म्हणा, आणि खरंच विचारा. पाणी यायची वेळ, पोरांच्या परीक्षा, मालिका लागायची वेळ टाळा. जास्तीत जास्त दोघं जा. घरात बाई एकटी असेल तर पुरुषाने एकट्याने जाऊ नये, मंडळीतल्या दोघी बायकांनी जावं. लहान मुलांशी बंद दाराआड बोलू नये, मग तुम्ही कितीही विश्वासू असा.

दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि चहाची वाट पाहत बसू नका. पिठलं-भाकरी, नाहीतर वरणभाताचा डबा न्या. पहिल्या राजांच्या 19 व्या अध्यायात एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला बोध केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर. पंडिता रमाबाईंनीही दुष्काळातल्या मुलींना केडगावला आणलं तेव्हा आधी अन्न, वस्त्र, निवारा दिला.

बोलणं

इथे मी सावकाश लिहिणार आहे, कारण नव्वद टक्के काम इथेच होतं किंवा बिघडतं.

काही वाक्यं घरीच ठेवून जा. 'देवाची इच्छा.' 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.' 'तुमचा विश्वास कमी पडला असेल.' 'निदान दुसरा मुलगा तरी आहे ना.' ही वाक्यं बोलणाऱ्याला हलकं करतात, ऐकणाऱ्याला नाही. मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले; तोवर त्यांच्याइतके चांगले मित्र नव्हते. तोंड उघडलं आणि पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देवाचा राग ओढवून घेतला. विशेष म्हणजे ते जे बोलले त्यातलं बरंचसं धर्मशास्त्राच्या दृष्टीने बरोबर वाटावं असंच होतं.

मग बोलायचं काय? विचारायचं. पण आपल्या ख्रिस्ती घरांत पहिल्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं: 'देवाची कृपा आहे.' तो पडदा असतो. तो ओढू नका, थोडा वेळ जाऊ द्या, आणि मग शरीराचं विचारा. 'रात्री झोप लागते का?' माणूस देवाविषयी खोटं बोलेल, झोपेविषयी सहसा बोलत नाही. 'नाही लागत' म्हणाला की 'जाग येते तेव्हा काय येतं मनात?' आणि त्यानंतर गप्प. मनातल्या मनात वीस आकडे मोजा. ही शांतता भरून काढायची घाई तुम्हाला होईल, समोरच्याला नाही. भिंतीवरच्या फोटोकडे बघा, कपाकडे बघा, घड्याळाकडे नका बघू.

अजून काही प्रश्न माझ्या उपयोगी पडलेत. 'सध्या प्रार्थना करता येते का, की शब्दच येत नाहीत?' यात 'नाही' म्हणायची सोय आहे, म्हणून खरं उत्तर मिळतं. 'देवाचा राग येतो का कधी?' एका आजींनी यावर माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, आता हाकलतील. मग म्हणाल्या, 'बाबा, तो रागच तर आहे, दुसरं काही नाही.' 'मंडळीत कुणाचं काही लागलं का?' हाही विचारा, आणि उत्तर तुमच्याविरुद्ध निघालं तर सफाई देऊ नका.

लूकाच्या 24 व्या अध्यायातली अम्माऊसची वाट घरभेटीला जाणाऱ्याने वर्षातून दोनदा वाचावी. येशूला क्रुसावर मारल्यानंतर त्याचे दोघं शिष्य उदास होऊन चाललेत; पुन्हा उठलेला येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. यरुशलेमेत काय घडलं हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? तरी तो विचारतो, 'कोणत्या गोष्टी?' आणि त्यांच्या तोंडून सगळं ऐकून घेतो. शास्त्र त्यानंतर उघडतो. गाव आलं तेव्हा तो पुढे जायला निघतो; ते आग्रह करतात तेव्हा आत येतो. आपणही पाऊण तासाने उठावं. 'बसा हो अजून' असा खरा आग्रह झाला तर बसावं.

वचन आणि प्रार्थना

विचारून. 'एक स्तोत्र वाचू का?' स्तोत्र 23 सगळ्यांना पाठ असतं. काहींना त्यानेच आधार मिळतो, काहींचे कान त्याला सरावलेले असतात. स्तोत्र 13 अवघ्या सहा वचनांचं आहे आणि 'कोठवर?' या प्रश्नाने सुरू होतं. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही. ज्याला कुणीही समजून घेत नाही असं वाटतं त्याला, शास्त्रात आपलीही जागा आहे हे त्यातून कळतं. वाचा आणि मिटा. स्पष्टीकरण नको.

प्रार्थनेपूर्वी 'काय मागू?' हे विचारा आणि तेच मागा, त्यांच्याच शब्दांत, मिनिटभरात. 'हे प्रभू, या भावाला आळस सोडायची बुद्धी दे' ही प्रार्थना नव्हे, डोळे मिटून मारलेला टोमणा आहे. फार म्हाताऱ्या, स्मृती गेलेल्या माणसांबरोबर बोलण्यापेक्षा गाणं चालतं. स्वतःचं नाव विसरलेल्या बाई 'उपासना संगीत' या गायनांच्या पुस्तकातलं नारायण वामन टिळकांचं गायन शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणताना मी ऐकल्या आहेत. आजारी माणसाला तेल लावून प्रार्थना हवी असेल (याकोब 5:14) तर वडिलांना कळवा. कुटुंब कॅथलिक असेल तर फादरना वेळेवर सांगा. शेवटच्या तासाची वाट पाहायची नसते.

चूक दाखवायची वेळ आली तर

मत्तयाच्या 18 व्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे: आधी एकट्याने, एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मंडळी त्यानंतर. आपल्याकडे क्रम उलटा चालतो. आधी अख्ख्या मंडळीला माहीत होतं, त्या माणसाला सगळ्यात शेवटी.

गलतीकरांस 6:1 मध्ये चुकलेल्याला सौम्यतेने सावरायला सांगितलंय. तिथे जे ग्रीक क्रियापद आहे तेच मत्तयात याकोब आणि योहान होडीत जाळी दुरुस्त करत होते तिथे आलंय. वसईच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर जाळं सांधताना बघा. कोळी फाटलेल्या जागेपुरता धागा घेतो, बाकी जाळं ओढत नाही. बोलायचं ते एकाच गोष्टीविषयी, डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीविषयी, आणि ती दुरुस्त करायला आपण काय मदत करू हे ठरवूनच. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप झालेल्या ग्रेगरीने पाळकांना बजावलं होतं, की सगळ्यांना एकच औषध देऊ नका. लाजऱ्याला आणि निर्लज्जाला, आनंदी आणि उदास माणसाला वेगवेगळ्या रीतीने सांगावं लागतं. लाजऱ्याला अर्धं वाक्य पुरतं.

पोटात ठेवणं, आणि कधी ठेवू नये

चुगली आपल्याकडे 'प्रार्थना विनंती' या नावाने फिरते. 'अमक्या ताईंच्या घरासाठी प्रार्थना करा, फार अडचण आहे, कारण सांगत नाही', म्हणजे कारण सगळे विचारणार. नियम सोपा ठेवा: सांगणाऱ्याची परवानगी असेल तेवढंच, त्याच्याच शब्दांत, त्याने सांगितलेल्या माणसालाच. स्वतःच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. फोटो तर नाहीच. दवाखान्यातल्या खाटेवरचे फोटो ग्रुपवर टाकणारे भाऊ प्रत्येक मंडळीत असतात, त्यांना थांबवा.

पण 'कुणाला सांगणार नाही' असं आंधळं वचन कधी देऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. आरोपी मंडळीतला मोठा माणूस असला तरी. 'घरातल्या घरात मिटवू, मंडळीचं नाव जाईल' असं कुणी म्हणालं तर त्याच्यासमोरच 1098 (मुलांची हेल्पलाइन) किंवा 112 (आणीबाणीचा नंबर) लावा.

बाईला मारहाण होत असेल तर 'सहन कर, प्रार्थना कर, नवरा बदलेल' हा सल्ला देऊ नका, आणि दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवू नका. त्या रात्री घरी तिला त्याची किंमत मोजावी लागते. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे, 2005 च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आधी तिची सुरक्षितता.

कुणी 'आता जगण्यात राम नाही' म्हणालं, तर सरळ विचारा: 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलता येतं. 'हो' आलं तर एकटं सोडू नका, घरच्या कुणाला तरी सांगा, मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, टेली-मानसचा, 14416 हा नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. हे पाप आहे का, यावर त्या रात्री चर्चा नको.

जिथे प्रार्थनेबरोबर डॉक्टर लागतो

गोळ्या बंद करायला कुणालाही सांगू नका. मधुमेहाच्या नाही, डोक्याच्या तर अजिबात नाही. 'विश्वास असेल तर औषध कशाला' म्हणणाऱ्यांमुळे झालेलं नुकसान मी जवळून पाहिलंय.

दारूचं आणखी एक. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला पवित्र शास्त्रावर हात ठेवून 'आजपासून थेंब नाही' अशी शपथ घ्यायला लावतात. अशा माणसाची दारू एकदम तुटली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग शपथ. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या सभाही भरतात. तुमचं काम त्याला तिथे पोहोचवण्याचं, त्याच्या बायकोमुलांकडे मधल्या काळात बघण्याचं आणि तो परत आला की शेजारी बसण्याचं.

दुसऱ्या धर्माचा शेजारी

तुमच्या चार नावांत दुसऱ्या धर्माचा मित्र असू शकतो. त्याच्या दुःखात जा, डबा न्या, ऐका. मदतीला प्रार्थनेची अट जोडू नका. भुकेल्याकडून 'आमेन' वसूल करणं ही सेवा नाही. त्याने तुमच्या आशेचं कारण विचारलं तर सांगा, नम्रतेने आणि आदराने, पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटलंय तसं. घटनेचं कलम 25 तुम्हाला धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, आणि विवेकाचं स्वातंत्र्य तेच कलम त्यालाही देतं.

घाई तर घरातही चालत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. एकाच घरातल्या दोन माणसांमधलं हे अंतर.

पुढची भेट

पहिल्या भेटीने काही होत नाही. मयत झाल्यावर पहिले दहा दिवस घर भरलेलं असतं. माणसाची गरज तिसऱ्या महिन्यात लागते, पहिल्या नाताळात, गेलेल्या माणसाच्या वाढदिवसाला आणि वर्षाच्या दिवशी. या चार तारखा डायरीत आधीच लिहून ठेवा. दार बंद झालं असेल तर नाताळाच्या करंज्यांचं ताट द्या आणि उंबऱ्यावरूनच परत या. तुम्ही थकलात, चिडचिड व्हायला लागली, तर एक नाव दुसऱ्याकडे सोपवा. सोपवताना त्या माणसाला विचारा. आणि तुमचं नाव कुणाच्या डायरीत आहे, तेही बघा.

त्या पहिल्या गृहस्थांकडे मी अजून जातो, एकटाच, दोन-तीन महिन्यांतून एकदा. आमच्याकडे वर्गणीची नावं वाचणं बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण ते काही उपासनेला येत नाहीत. नातवाच्या क्रिकेटवर बोलतो, गुडघ्यांवर बोलतो. गेल्या डिसेंबरात मी उठायच्या बेतात असताना त्यांनी विचारलं, 'यंदा नाताळला गायनं कुठली बसवलीत?' मी सांगितली. 'बरं,' म्हणाले. घरी आल्यावर डायरीत लिहिलं: गायनांचं विचारलं. फेब्रुवारीत जायचं.